गुलाबबाईची फर्माईश

नवनीतला खोटं बोलता येत नाही, असं खापर गावात सगळेच म्हणायचे आणि ते खरंही होतं. त्याला खोटं लिहिता येतं, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. हायस्कुलात बावीस वर्षं कारकुनी करून त्याला स्वतःलाही नव्हतं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. गुलाबबाई ब्याऐंशी वर्षांची होऊन, कोणाकडून सेवा न करून घेता गेली. सोनं झालं म्हणत भाऊबंद जेवून घरी गेले. पण नवनीतला जवळजवळ रोज एकच स्वप्न पडायचं. आठवडे बाजाराची गर्दी, आणि त्यात आई त्याच्याकडे पाठ करून उभी. कितीही हाका मारा, वळायची म्हणून नाही. सकाळी तो सुजल्या डोळ्यांनी शाळेत जायचा आणि दाखल्यांवर जन्मतारखा चुकवायचा. एका मुलाला त्याने बापापेक्षा वयाने मोठं करून टाकलं, तेव्हा मुख्याध्यापकांनी चार दिवस रजा घ्यायला सांगितलं.

बाजाराचं कारण त्याला पक्कं माहीत होतं. जायच्या आठवड्यात आई तिच्या जावेबरोबर, म्हणजे दगूकाकूबरोबर, बाजारात आली होती, आणि जवरीलालच्या फरसाणाच्या दुकानासमोर थांबून तिने नवनीतकडे जिलेबी मागितली होती. तिला साखरेचा आजार. नवनीतने चार लोकांत तिला सुनावलं, "माय, तू लहान पोर शे का आते?" त्याने दोघी म्हाताऱ्यांना घरी सोडलं आणि तो शाळेत गेला. पाचव्या दिवशी आई झोपेतच गेली. जिलेबीने नव्हे, जिलेबीवाचून गेली, आणि हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मुलगी रंजिता पुण्याला समुपदेशनाचा कोर्स करत होती. तिने फोनवर उपाय सांगितला. "पप्पा, उशाशी वही ठेवा. जाग आली की लगेच स्वप्न लिहायचं. करायचं काहीच नाही. लिहायचं आणि आपल्या आत काय चाललंय ते बघायचं. त्यानेच माणूस बरं होतं."

"आत म्हणजे कुठं?" नवनीतने विचारलं.

"पप्पा, आत म्हणजे आत."

नवनीतने वही आणली आणि सवयीप्रमाणे आधी रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, विषय, शेरा. पहिल्या दिवशी विषयात लिहिलं, 'आई'. पुढे बाजार लिहिणार तोच पेन अडलं, कारण बाजार लिहिला की मागोमाग जिलेबी येणार. शेवटी सरकारी मोघमपणा कामाला आला. शेऱ्यात त्याने लिहिलं, 'आईस काहीतरी हवे असल्याचे दिसून येते.'

चारुलताने, म्हणजे त्याच्या बायकोने, वही वाचली. त्यात चोरी कसली, ती गादीवर उघडीच पडलेली असायची. आता त्यांच्या घरात पूर्वापार रीत होती, की गेलेलं माणूस स्वप्नात येऊन काही मागू लागलं, तर तो जिन्नस करायचा आणि त्याच्या बरोबरीच्या माणसाला बोलावून खाऊ घालायचा. रंजिताचं 'करायचं काहीच नाही' तिच्या आईपर्यंत पोचलंच नव्हतं.

"नुसतं काहीतरी लिखीसन कसं चाली?" चारुलता म्हणाली. "मी काय रांधू?"

जिलेबी नवनीतच्या ओठावर आली आणि तिथेच राहिली. "उद्या नीट ऐकीसन लिखस," एवढंच तो बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने शेऱ्यात लिहिलं, 'डुबुकवड्या'.

दुपारी शेजारच्या दगूकाकूला बोलावणं गेलं. ती गुलाबबाईहून चार वर्षांनी लहान आणि दातांशिवाय सगळं शाबूत. आधी तिचं ताट, मग घरच्यांची. रक्तदाबामुळे दोन वर्षं उकडलेल्या दुधीवर काढलेल्या नवनीतसमोर झणझणीत रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या डुबुकवड्या आल्या, आणि देवमाणसाचीही नियत फिरावी असाच तो वास होता.

मग स्वप्नांना चव आली. अनुक्रमांक पाच, शेवभाजी. अनुक्रमांक नऊ, कळण्याची भाकरी, लसणाचा ठेचा. अनुक्रमांक चौदाला आईने थेट मांडे मागितले, आणि चारुलता अर्धा दिवस चुलीपुढे घाम पुसत बसली. "जित्या व्हत्या तवय कधी तोंड उघडं नही," ती म्हणाली, पण कामात कसूर केली नाही.

महिन्याभरात नवनीतच्या पँटचं बटण तुटलं. डोळे मात्र सुजलेलेच. वहीत आई मांडे मागत होती आणि झोपेत बाजारात पाठ करून उभीच होती. रंजिताने फोनवर विचारलं, "पप्पा, आत काय जाणवतं?"

"आत आता जागाच नाही बेटा," तो म्हणाला. हेही खरंच होतं.

अनुक्रमांक एकोणीसला त्याने भरीत लिहिलं आणि तिथे घात झाला. दगूकाकूने ताटाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

"हाई कोनी मांगं?"

"सासूबाईनी," चारुलता म्हणाली.

"गुलाबनी? पन्नास वरीस मी तिन्हासंगे एक चूलवर रांधं. वांगं खादं का तिन्हा अंगले खाज सुटे. मरीसन बी ती वांगं मांगाव नही." मग तिने वही आणायला लावली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून चारुलताने पहिल्यापासून वाचून दाखवलं. नवनीत भरताकडे बघत बसला.

"बट्ठं शे, सारं शे," सगळं ऐकून दगूकाकू म्हणाली. "मंग जिलेबी कोठे शे? तिन्हा जीव जिलेबीमा. रे नवनीत, तू सपन लिखस का हाटेलनी पाटी लिखस?"

नवनीतला रडू फुटलं. पन्नाशीचा माणूस ताटावर बसून लहान पोरासारखा रडला आणि रडत रडतच त्याने बाजारातलं सगळं सांगून टाकलं. चार लोकांत आईला बोललो, ती उपाशी जीव घेऊन गेली, म्हणून ती माझं तोंड बघत नाही, असं तो म्हणाला. चारुलताने पदर तोंडाला लावला.

दगूकाकू मात्र हसायला लागली.

"आरे बाबा, तू आमले घर सोडीसन शाळामा गया ना? आम्ही दोन्ही जनी मांगला दारथीन परत बजारमा गयूत. जवरीलालनी दुकानना मांगे बठीसन पाव किलो खादी. जास्ती तिनीच खादी. माले म्हने, नवनीतले सांगू नको, त्याले वाईट वाटी."

"पाव किलो?" नवनीत रडता रडता म्हणाला.

"ती पाठ करीसन का उभी ऱ्हास, समजनं का आते? तिन्हा तोंडमा जिलेबी शे. तुले कशी दखाडी?"

नवनीत आधी हसला, मग आईवर मनापासून रागावला, मग पुन्हा हसला. नऊ महिन्यांत त्याला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

पुढच्या बाजारी तो स्वतः दगूकाकूला घेऊन जवरीलालकडे गेला. जवरीलालने गरम जिलेबी तोलता तोलता विचारलं, "मागच्या बाकावर बसणार ना? तुमच्या माँजी दर बाजारी तिथंच बसायच्या." त्या बाकावर बसून नवनीतने पहिली जिलेबी काकूच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुलताने वही उघडली. अनुक्रमांक वीस. विषय, 'आई'. शेऱ्यात लिहिलं होतं, 'वळली. हात चिकट झालेत म्हणाली. धुवायला पाणी मागते.'

पाणी भरायला ती तांब्या शोधू लागली, तर तो जागेवर नव्हता. नवनीत बाहेर ओट्यावर उभा राहून सावकाश पाणी ओतत होता, समोर कोणी ओंजळ धरली असावी तसा.