शून्य किलोची बादली

सौर पॅनेल बनवणाऱ्या त्या कारखान्यात नव्वद माणसं कामाला होती आणि नव्वदांचा मिळून मामा एकच, कॅन्टीनचा आचारी. सख्खा भाचा त्यातला एकही नव्हता, पण ज्याच्या हातचं दुपारचं जेवण बावीस वर्षं जेवायचं, त्याला नुसतं आचारी म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. मामा बोलायला तिखट, कामाला वाघ, आणि एका बाबतीत फार हळवे. त्यांच्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलं की त्यांचा दिवस खलास. मीठ मागितलं तरी ते मागणाऱ्याकडे असं बघत की तो अळणीच खाऊन उठे.

अशा माणसासमोर एका सोमवारी वजनकाटा येऊन बसला.

काटा आणला पर्यावरणवाल्या मॅडमनी. मॅडम नव्या, वयानं मामांच्या मुलीएवढ्या, हातात कायम वही. जिथे लोक जेवून उष्टी ताटं ठेवत तिथे त्यांनी काटा ठेवला, काट्यावर निळी बादली, आणि भिंतीवर फळा: ‘आज टाकलेलं अन्न’. रोज तीन वाजता वजन करून आकडा लिहायचा. पहिल्याच दिवशी फळ्यावर आकडा उमटला, अकरा किलो.

“बघा ना मामा,” मॅडम कळवळून म्हणाल्या, “वर छतावर आपण उन्हाची वीज पकडतो आणि खाली अकरा किलो शिजलेलं अन्न फेकतो. ते पिकवायला लागलेलं पाणी, आणायला लागलेलं डिझेल, शिजवायला लागलेला गॅस, सगळं वाया. वर ते कुजताना जो वायू सुटतो त्यानं हवा आणखी तापते ती वेगळीच.”

मॅडम बोलल्या ते सोळा आणे खरं होतं. पण मामांच्या कानात शिरलं ते एवढंच, की लोकांना तुमचं अकरा किलो जेवण गळ्याखाली उतरत नाही, आणि ते आता भिंतीवर लिहून ठेवलंय. येणारा जाणारा फळा वाचत होता. मामांना वाटलं, आपली अब्रूच काट्यावर टांगलीय.

त्या रात्री ते जेवले नाहीत. मामींनी कारण विचारलं तर म्हणाले, “बावीस वर्षं लोक माझ्या तोंडावर ‘छान छान’ म्हणायचे. बादली खोटं बोलत नाही.”

“बादली बोलतच नाही,” मामी म्हणाल्या. “जेवा आता.”

मंगळवारी मामांनी रश्श्याला जास्तीचं वाटण घातलं. आकडा अकरा. बुधवारी बटाटे खरपूस तळले. आकडा साडेअकरा. गुरुवारी मामांनी नाद सोडला आणि सरळ मार्गही सोडला. पावणेतीनला बादली मागच्या दारानं उचलली, दोन झाकणाच्या डब्यांत रिकामी केली, धुऊन पुसून पुन्हा काट्यावर ठेवली. तीन वाजता मॅडम आल्या, बादलीत वाकून बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि आनंदानं त्यांचा खडू मोडला. फळ्यावर आकडा आला, शून्य.

डबे स्कूटरवरून गेले मेव्हण्याच्या घरी. मामींच्या या धाकट्या भावाकडे तीस कोंबड्या होत्या.

हे सगळं पाहणारं एक माणूस होतं. ताटं घासणाऱ्या मावशी. त्या मामांच्याच बरोबरीनं कारखान्यात लागलेल्या, बोलायला मोजक्या. धुतलेली बादली बघून त्या एवढंच म्हणाल्या, “मी काही बघितलं नाही. पण मला आंधळी समजू नका.”

पुढचा आठवडा मामांचा सुखात गेला. शून्य, शून्य, शून्य. वेल्डर, पॅकिंगवाले, गेटवरचा वॉचमन, सगळे फळ्याकडे बघून एकमेकांच्या पाठी थोपटत, कारण ज्याला त्याला वाटे की टाकणारे दुसरे होते आणि ते आता सुधारलेत. हीच तर आकड्याची गंमत असते, तो सगळ्यांना सारखाच आवडतो. मामा मात्र मॅडम समोर आल्या की उगाच भांड्यात डोकं घालत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

मग मोठ्या साहेबांनी फळा वाचला. साहेब हिशोबी डोक्याचे. त्यांनी विचार केला, नव्वद ताटं आणि एक शीतही उरत नाही, म्हणजे माणसं अर्धपोटी उठतायत! कामगार उपाशी राहिला तर कारखान्याची शोभा काय? त्यांनी लगेच हुकूम काढला: कॅन्टीनचं सामान चौथाईनं वाढवा.

सोमवारी जादा तांदूळ आला, जादा बटाटे आले. मामा पोत्यांकडे बघत राहिले. आलेलं शिजवायचं आणि शिजवलेलं वाढायचं, हा त्यांचा धर्म. त्यांनी ढीग शिजवला, ढीग वाढला, आणि पावणेतीनला बादली उचलायला गेले तर ती उचलेना. अठरा किलो! करायला गेलो काय आणि झालं काय. दोन डब्यांचे चार झाले, स्कूटर भाजीच्या हातगाडीसारखी दिसू लागली.

तिसऱ्या दिवशी मेव्हणा फाटकातच आडवा उभा राहिला.

“भाऊजी, पाया पडतो, आता आणू नका.”

“का? कोंबड्या खात नाहीत?” मामांना वाटलं, कोंबड्यांनीही नावं ठेवली की काय!

“खातात हो! खातात, पडतात, उठून परत खातात. एवढ्या लठ्ठ झाल्यात की पायऱ्या चढत नाहीत. आणि आठ दिवसांत अंडं म्हणून दिलेलं नाही एकीनंही. उरलेल्यावर माश्या बसतात त्या वेगळ्या. ताई तुमची बायको आहे म्हणून गप्प होतो.”

मामा चारही डबे घेऊन परत फिरले आणि वाटेत कळलं नाही की आता हे न्यायचं कुठे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर कळस झाला. मॅडम नाचतच स्वयंपाकघरात शिरल्या.

“मामा! उद्या शुक्रवारी दुसऱ्या तीन कारखान्यांची माणसं येतायत. आपली शून्य किलोची बादली बघायला! तुम्ही त्यांना सांगायचं, हे कसं जमवलं ते.”

मामा हसले. ते हसू कसलं, दाढदुखीच ती. मॅडम गेल्यावर ते बटाट्याच्या पोत्यावर मटकन बसले. हात दाखवून अवलक्षण! अकरा किलोची लाज झाकायला गेले आणि आता तीन कारखान्यांत डंका वाजणार होता. पण खरी टोचणी ती नव्हतीच. खरी टोचणी अजून तीच होती, जी पहिल्या दिवशी होती.

“मावशी,” ते एकदम म्हणाले, “खरं सांगा. माझ्या हाताची चव गेली का?”

मावशींनी नळ बंद केला. हे त्या सहसा करत नसत.

“चव गेली असती तर मला पहिल्यांदा कळलं असतं. माणसाला भाजी आवडली नाही की भाजी उरते, भात नाही. भात कच्चा राहिला की भात उरतो. तुमच्या ताटांत काय उरतं माहितेय? सगळं. थोडा भात, थोडा रस्सा, थोडी भाजी, थोडा पाव. नव्वद ताटांत सारखं. ज्याला आवडत नाही तो असं टाकत नाही. ज्याचं पोट भरलंय तो असं टाकतो.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुमचा डाव मोठा आहे.”

मामांनी हातातल्या डावाकडे बघितलं. ते ज्या उस्तादाकडे शिकले त्यानं पहिला धडा दिला होता, ताटाचा काठ दिसला तर वाढणाऱ्याची लाज. मामांनी तो धडा बावीस वर्षं गिरवला. सडपातळ हिशेबनीस बाई असोत नाहीतर दोन माणसांचं ओझं उचलणारा हमाल असो, मामा एकाच मापानं, काठ बुजेपर्यंत वाढत. कोणी ‘पुरे पुरे’ म्हणालं तर ते त्याला भिडस्त समजून आणखी एक डाव घालत. प्रेमानं घालत, हो! त्यात कसूर नव्हती.

“मग हे आधी का नाही बोललात?”

“विचारलंत कधी?” मावशींनी नळ सुरू केला.

मामा तसेच उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि डबे, स्कूटर, कोंबड्या, सगळं ओकून मोकळे झाले. मॅडम ऐकता ऐकता आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या.

“मी वर सगळीकडे कळवलंय, मामा! माझ्या नावानं कळवलंय!” त्यांचा आवाज चिरकला. “मी किती खूश होते माहितेय तुम्हाला?”

“माहितेय. म्हणूनच सांगवेना,” मामा मान खाली घालून म्हणाले. “तुम्ही रागवा. मला मुलगी आहे, मला सवय आहे.”

मॅडमनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मामा घाबरले, पण त्या रडत नव्हत्या.

“खरंच पायऱ्या चढत नाहीत कोंबड्या?”

“एकही नाही.”

शुक्रवारी पाहुणे आले तेव्हा फळ्यावर मॅडमच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘काल अठरा किलो. आधीचे शून्य खोटे होते.’ साहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या. आणि मामांच्या हातात मोठ्या डावाऐवजी वाटीएवढी पळी होती.

पहिलं ताट वाढलं. भाताची एक मूद, रश्श्याची एक पळी, चमचाभर भाजी, एक पाव. चारही बाजूंनी काठ लख्ख दिसत होता. मामांना तो काठ बघवेना.

“मामा, आजारी आहात का?” वेल्डर म्हणाला.

“साहेबांनी सामान बंद केलं की काय?” मागून कोणीतरी.

“परत या ना! भांडी काय पळून चाललीत?” मामा खेकसले, पण आवाजात जोर नव्हता.

नव्वद माणसं बसली, पाहुणे बसले. मामा पळी धरून उभे राहिले. समोर अर्ध्याहून जास्त भरलेली पातेली वाफाळत होती. आता काही लपवायला नव्हतं, ढकलायला कोंबड्या नव्हत्या. माणसांना खरंच हवं असेल तर ती उठतील, नाहीतर हात धुऊन जातील आणि उत्तर कायमचं मिळेल. पाच मिनिटं गेली. चमच्यांचा आवाज येत होता, उठत कोणी नव्हतं. सात मिनिटं. पॅकिंगची दोघं उठली, आणि बेसिनकडे गेली. मामांनी मावशींकडे बघितलं. मावशी भांडी घासत होत्या, त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात हिशेबनीस बाई उठल्या. त्याच सडपातळ बाई, ज्या रोज अर्धं ताट टाकून जात आणि ज्यांच्याकडे मामा रोज दुखावून बघत. त्या रिकामं, पुसून घेतल्यासारखं ताट घेऊन काउंटरशी आल्या आणि जरा लाजत म्हणाल्या, “मामा, अजून थोडा रस्सा वाढता? आज फार छान झालाय.”

त्यांच्या मागे वेल्डर उभा होता. वेल्डरच्या मागे वॉचमन, मग हमाल, मग एक पाहुणा, मग ओळखीअनोळखी कितीतरी, रिकामी ताटं घेऊन. मामांची पळी हवेतच राहिली. बावीस वर्षांत ‘अजून थोडा’ हे शब्द त्यांच्या कानावर कधी पडलेच नव्हते. पडणार कसे? मागायला त्यांनी कुणाच्या ताटात जागाच ठेवली नव्हती.

“काय म्हणालात?” मामांनी डोळे पुसत विचारलं. “जरा मोठ्यानं बोला, ऐकू नाही आलं.”

“अजून वाढा, मामा!” अख्खी रांग ओरडली.