युगोत काही ठरवायचं नसतं

केबिनच्या दारामागच्या खुंटीवर टांगलेला गाऊन भिंतीपासून दोन बोटं दूर यायचा, क्षणभर थांबायचा आणि परत भिंतीला टेकायचा. काल तो जागचा हलला नव्हता. नेवेंका पलंगावर बसून थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. उभी नोकरी हवामान केंद्रात वारा मोजण्यात गेलेली, त्यामुळे डेकवर न जाताच तिला कळलं, की युगो, दक्षिणेचा दमट वारा, सुटलाय आणि दुपारपर्यंत तो वाढतच जाणार.

थोड्याच वेळात जहाज स्प्लिटला लागणार होतं. तिच्या गावाला.

निवृत्त झाल्यावर ‘जगाची एक फेरी मारून येते’ एवढंच सांगून ती या जहाजावर चढली होती. हे सहलीचं जहाज नव्हतं. इथे लोक बिऱ्हाड करून राहत. कुणी खोलीत पियानो आणला होता, कुणी बाल्कनीत टोमॅटो लावले होते. बंदरं बदलत, शेजारी तेच राहत. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी अर्ध्यावर आली. प्रत्येक फेरीत जहाज स्प्लिटला थांबे, आणि धाकटी बहीण दिंका दर वेळी विचारी, की आता कायमची उतरतेस ना? आईवडिलांच्या घराचा खालचा मजला दिंकाचा होता, वरचा नेवेंकाचा. दिंका वरच्या खिडक्या उघडून हवा खेळती ठेवी, कुंड्यांना पाणी घाली. नेवेंका म्हणे, बघू.

मागच्या खेपेला तर तिने युगोचंच निमित्त केलं होतं. या वाऱ्यात डोकी चढतात, माणसं उगाच भांडतात, म्हणून युगोत काही ठरवायचं नसतं, हे स्प्लिटमधलं शेंबडं पोरही सांगेल. वाऱ्याचा आणि अकलेचा काही संबंध नाही, हे नेवेंकाने आयुष्यभर चारचौघांत ठणकावून सांगितलेलं. तरी त्या दिवशी तिने कपाळ दाबून धरलं होतं.

खरं म्हणजे तिचं कधीच ठरलं होतं. तिला जहाजावरच राहायचं होतं. फक्त ते दिंकाला सांगायचं धाडस होत नव्हतं. नवरा गेल्यापासून दिंका एकटी, आणि ताटकळत बसलेल्या माणसाला ‘येत नाही’ म्हणणं तिला जमत नव्हतं.

नाश्त्याला गेली तेव्हा वाढपी टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत होते. समुद्र खवळला की हे ठरलेलं, कारण ओल्या कापडावरून बशी घसरत नाही. समोरच्या खोलीतला स्ताव्रोस, थेसालोनिकीचा दातांचा डॉक्टर, आधीच येऊन बसला होता.

“आज सांगणार,” नेवेंका बसता बसता म्हणाली.

“मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस. येताना फक्त अंजिरं घेऊन आलीस.”

“चांगली होती ना?”

“होती. म्हणूनच मी फार बोललो नाही.”

नेवेंका घरी पोचली तेव्हा दिंका दारातच उभी होती. तिने बहिणीला मिठी मारली, मग हातभर लांब धरून न्याहाळलं आणि जहाजावर उपाशी ठेवतात का, असं विचारलं. मागे तिची लेक झोराना उभी होती. लग्नानंतर ती सासू-सासऱ्यांच्या दोन खोल्यांत राहत होती, आज मदतीला आली होती. घरभर पाश्तित्सादाचा घमघमाट सुटला होता. ते मांस दिंकाने आदल्या दिवसापासून मुरवत ठेवलं होतं. एवढा घाट घातला, म्हणजे आज तिलाही काहीतरी वदवून घ्यायचं होतं.

नेवेंकाच्या वाट्याला टेबल मांडायचं काम आलं. आईचा भरतकामाचा टेबलक्लॉथ तिने उलगडला. खळ लावून कडक इस्त्री केलेला. समोरच्या खिडकीतून समुद्र दिसत होता, आणि लाटांची टोकं पांढरी झाली होती. तिने पाण्याचा जग उचलला, बोटांनी सगळीकडे सारखं पाणी शिंपडलं आणि तळहाताने कापड नीट दाबून बसवलं. झोराना काटे-चमचे हातात घेऊन बघतच राहिली.

“तेता नेवे, काय करतेयस?”

पातेलं घेऊन आलेली दिंका दारातच थबकली.

“सकाळी उठून इस्त्री केली होती मी त्याला.”

“वारा आहे ना,” नेवेंका म्हणाली. “आमच्याकडे वारा असला की असंच करतात.”

झोरानाला हसू आवरेना. घर कुठे पळून चाललंय का, असं तिने मावशीला विचारलं. दिंका मात्र हसली नाही. तिने पातेलं ओल्या कापडावर ठेवलं.

“आमच्याकडे म्हणजे कुठे, नेवे?”

दोघींना एकच दुपार आठवली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली दिंका याच टेबलापाशी सहज म्हणून गेली होती, की आमच्याकडे माशात इतका लसूण घालत नाहीत. आईने चमचा खाली ठेवला होता. त्या एका शब्दाने आईला जे कळलं, ते लग्नाच्या दिवशीही कळलं नव्हतं.

“बोलून गेले मी,” नेवेंका ओशाळून म्हणाली. “तोंडातून निघून गेलं.”

“मग वरच्या खोल्या...” झोराना म्हणाली, आणि आईच्या एका नजरेने गप्प झाली.

नेवेंकाने आधी झोरानाकडे, मग दिंकाकडे पाहिलं. दिंकाने खुर्ची ओढली, एप्रनला हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. मग तिने एका दमात सांगून टाकलं. झोरानाला दिवस गेलेत. सासरी पाळणा ठेवायलासुद्धा जागा नाही. पोरीने वरच्या मजल्याचा विषय काढला, तर मीच तिला झापलं. म्हटलं, तेता येणार आहे, तिच्या घराकडे डोळा ठेवून बसू नकोस. आणि तुला विचारावं, तर तुला वाटायचं, की आम्ही तुला परत येऊ देत नाही.

“म्हणजे दर वेळी तू विचारत होतीस ते...”

“तू नाही म्हणावंस म्हणून विचारत होते. आणि तू म्हणायचीस, बघू.”

नेवेंका हसत सुटली. इतकी, की तिला खाली बसावं लागलं. दिंकाने थोडा वेळ चेहरा कडक ठेवून पाहिला, पण तिच्याही ओठांचे कोपरे हलायला लागले. मग तिने एकदम हात वर केला.

“आता काही बोलू नकोस. बाहेर युगो आहे. आज नको, उद्या फोनवर सांग.”

“उद्या आम्ही इटलीत असू.”

“तिथून सांग.”

“नाही,” नेवेंका म्हणाली. “आत्ताच सांगते. मी परत येत नाही, दिंका. जहाजावरच राहणार आहे. वरचा मजला झोरानाचा.”