फिरून येणारी सकाळ

कांताबाईंनी देवानंद गुरुजींना हलवून पाहिलं. दुपारचं ऊन ओट्यावर चढलं होतं. ताटातली भाकरी वाळत चालली होती.

"उठा की. बेबी आलीये पुण्याहून."

गुरुजींनी कूस बदलली.

"बघ," कांताबाई मुलीला म्हणाल्या, "डोळे गेल्यापासून असंच करून राह्यले. मी जागी तर हे झोपलेले. मी पडले की हे उठून बसतात. दवाखान्यात न्यायला मी उशीर केल्ता, त्याचा राग हाय."

बेबीनंदा बाजेजवळ बसली. अठ्ठ्याऐंशी साली ती अकरावीला होती, तेव्हा हेच दादा, तिचे वडील, घड्याळाशिवाय उठायचे. बुद्धवंदना म्हणत पाणी तापवायचे, तिला सायकलवर बसवून परतूर स्टेशनावर न्यायचे. जालन्याची गाडी येईपर्यंत ती त्यांच्या मफलरीत तोंड खुपसून डुलक्या घ्यायची. त्या मफलरीला चुलीच्या धुराचा वास असायचा.

"राग न्हाई, आई. मी प्रयोगशाळेत हेच बघते. मेंदूत चिमूटभर पेशी असतात, तेच अंगातलं घड्याळ. त्या पेशींना बारीक दारं असतात, आयन चॅनल म्हणतात. मिठातले असतात तसले कण त्यातून आत-बाहेर करतात. दिवसा काही दारं उघडतात, पेशी बोलत्या होतात. रात्री दुसरी उघडतात, त्या गप्प होतात."

"मंग ह्यांची दारं बिघडली?"

"दारं बराबर आहेत. उजाडलं हे त्यांना डोळे सांगायचे. आता सांगणारं कुणी न्हाई. म्हणून सगळं रोज थोडं उशिरा होतं. सरकत जातं."

कांताबाईंनी ताटावर फडकं टाकलं. बराच वेळ त्याच्या सुरकुत्या काढत राहिल्या.

"सरकत सरकत पुन्हा सकाळवर येत असंल?"

"येतं. थोडे दिवस जुळतं, मंग पुन्हा सुटतं. औषध निघालंय, मी डॉक्टरांना विचारते."

"पोळ्याला जुळल्तं," कांताबाई हळूच म्हणाल्या. "दोघं ओट्यावर बसून चहा पेलो. मला वाटलं, राग गेला. पुन्हा झोपाया लागले, तवा वाटलं, मीच कायतरी बोलले असंल."

बेबीनंदाने दादांची घसरलेली चादर सारखी केली.

"म्हंजे लांब न्हाई चालले ते," कांताबाई म्हणाल्या. "फिरून येऊन राह्यले."

त्यांनी कोपऱ्यातली सतरंजी आणून बाजेशेजारी अंथरली.

"तू जेवून घे, बेबी. मी झोपते जरा. रातच्याला हे उठतील तवा जागी असंल कुणी."