डावं बटण

रावजींनी माउसवर तर्जनी टेकवली, मनात गेलेल्या बायकोचं, केसरचं, नाव घेतलं आणि हळूच दाबली. टक्. पडद्यावर तिच्या आख्यानाच्या रेकॉर्डिंगवर पुन्हा तीच लांबलचक यादी लोंबली. तीत एक ओळ रेकॉर्डिंग पुसून टाकायचीही होती. तवा लागावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

“बघ, आफरा. कीर्तन मागावं, तर ही यादी म्होरं येते.”

शेजारची आफरा शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. खांद्यावरची पर्स न काढताच ती वाकली.

“कधीपासून, काका?”

“एकादशीपासून. आदल्या सांजेला आपल्या भाड्याच्या खोलीतले मुंबईचे पाहुणे कुरकुरले होते, ‘अंकल, ये भजन बंद करो’ म्हणून. विनेश म्हणतो, आईला ते लागलं. रुसली.”

“काकी कसल्या रुसतात!”

“माझ्यावर रुसायला कारण हाय.”

केसर कीर्तनाला उभी राहिली की नाचणीच्या शेतावर वारा फिरावा तशी अख्खी सभा डोलायची. पेटीवर रावजी. एकदा बोर्लीच्या देवळात शेवटची एसटी चुकेल म्हणून त्यांनी भर आख्यानात पेटीचा भाता मिटला. केसर अर्ध्या ओवीवर थांबली. वाटेत त्याबद्दल काही बोलली नाही, पुढेही कधी नाही. ती गोष्ट घरात फक्त विनेशला ठाऊक होती.

“जितेपणी गप्प केलंत ना तिला? मग भोगा,” असं तो हसत म्हणाला होता. तेव्हापासून रावजी एकवेळच जेवत होते.

“विनेशदादाच्या हातून उघडतं?”

“पाहुण्यांच्या नोंदी तोच करतो की यावर. कायपण अडत न्हाय. आईचा लाडका तो.”

आफराने उजवं बटण दाबून पाहिलं. मग सेटिंगमध्ये गेली, एक खूण बदलली आणि माउस त्यांच्यापुढे सरकवला.

“आता दाबा.”

खोलीत झांज वाजली. केसरने घसा साफ केला आणि नमन धरलं. रावजींची बोटं टेबलावरच पेटीच्या पट्ट्या शोधू लागली. धोतराच्या सोग्याने डोळे टिपत ते म्हणाले,

“काय झालं हुतं गं?”

“बटणांची अदलाबदल, काका. डाव्याचं काम उजव्याला.”

“आपोआप होतं तसं?”

आफराने ओढणी सारखी केली.

“न्हाय. आत जाऊन करावं लागतं.”

“चुकून?”

केसर गात होती. फाटकाशी स्कूटर थांबली तसं रावजींनी नमन मधेच तोडलं.

“होतं तसं कर.”

“काका?”

“कर, पोरी. बिगीनं.”

बर्फाची पिशवी सांभाळत विनेश आत आला.

“काय आफरा, झाला का आमचा पेशंट बरा?”

तिने तोंड उघडलं. त्याआधीच रावजी म्हणाले,

“हिलापण कळंना रे.” त्यांनी डावं बटण दाबून दाखवलं. यादी लोंबली.

विनेश मोकळं हसला. “मी सांगतो तर पटत न्हाय. आईच्या मनातच न्हाय ते.”

“व्हय. तिच्याच मनात न्हाय.”

“सरा जरा, बाबा. नवे पाहुणे आलेत.” त्याने माउस स्वतःकडे ओढला.

रावजी उठले. विनेशचं बोट कुठल्या बटणावर जातं ते दिसू नये, म्हणून त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.