आईची कवळी
कवळ्या बनवण्यात त्याचा हात धरणारा शहरात कुणी नाही, असं दातांचे सगळे डॉक्टर म्हणायचे. त्याला ते कधी पटलं नाही. कुणी कौतुक केलं की त्याला वाटायचं, आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार.

त्यात आईचे दात गेले. दहा दिवस खपून त्याने तिची कवळी केली, स्वतः तिच्या तोंडात बसवली आणि श्वास रोखून उभा राहिला. तिने आरशात पाहिलं, दोनदा जबडा हलवला.

"चालेल," ती म्हणाली.

झालं. आता ही बाई उभ्या जन्मात यापलीकडे काही बोलली नव्हती. पोराचा पहिला नंबर आला तेव्हाही चालेल, नवं घर घेतलं तेव्हाही चालेल. पण त्याच्या धंद्यात चालेल म्हणजे कसंबसं उरकलेलं काम. त्याने कवळी काढून घेतली.

"अर्धवट आहे अजून. हात लावू नकोस."

मग रोज संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलाशी कानस घेऊन बसू लागला. आज इथे टोचत असेल, उद्या तिथे. आतून जराशी घासायची, दिव्यासमोर धरायची, "साधी आईची कवळी जमत नाही, कसला कारागीर तू," म्हणून स्वतःलाच चार शिव्या हासडायच्या आणि डबीत ठेवून द्यायची. आई समोर भात कुस्करून खात असायची. असे तीन महिने गेले आणि एका सकाळी ती उठलीच नाही.

चौथ्या दिवशी ताई आईचं कपाट आवरत होती. ती जवळच राहायची, रोज दुपारी आईपाशी येऊन बसायची. तो डबी घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

"एवढंही झालं नाही माझ्या हातून. बिनदातांची गेली ती."

"कोण म्हणतं?" ताई म्हणाली. "तू कामावर गेलास की लावायची ती. शेंगदाणे खायचो आम्ही दोघी. शेजारणीला दाखवून आली, माझ्या लेकानं केली म्हणून."

"मग मला का नाही सांगितलं?"

"म्हणायची, त्याच्या मनासारखी झाली की तोच देईल." ताईने मान खाली घातली. "शेवटी शेवटी सैल झाली होती रे, घासून घासून. बोलताना निसटायची. मग ठेवून दिली तिने."

त्याने डबी उघडून कवळीकडे पाहिलं.

"करंटा आहे मी. नालायक..."

"पुरे," ताई म्हणाली. "तू स्वतःला असं बोलायला लागलास की ती आत जाऊन रडायची."

तीन महिने रोज आपण आईच्या देखत तिच्या मुलाला शिव्या देत होतो, हे त्याला आत्ता कळलं. ताईच्या खांद्यावर डोकं टेकून तो खूप रडला, स्वतःला एक शब्दही न बोलता.