डालग्याखालची काबरीची करडं

मित्रांनो, सिद्धगडाच्या पायथ्याशी लहानीच्या पडवीत पालथा पडलेला जुना डालगा तो मी. धाकलूबाबाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं, तेव्हा वाटलं होतं, जांभळं वाहीन, बाजार बघीन. पण नशिबी आलं करडं कोंडणं. वर दगड, खाली करडं. ती जेवढी अडकलेली, तेवढाच मीही.

दर साली करडू आठवड्याचं झालं की हगवण लागायची. डोळे खोल जायचे, आणि सकाळी लहानी एखादं निपचित करडू पदरात घेऊन बसायची. मला सगळं दिसायचं, सांगता मात्र येत नव्हतं. काळी आणि काबरी या तिच्या दोन शेळ्या. काळीची करडं मरायची. काबरीची त्याच ओलीत, त्याच घाणीत टणाटण उड्या मारायची. आणि धष्टपुष्ट म्हणून व्यापारी सुदाम तीच आधी न्यायचा. मागे उरायचा काळीचा एखादा बोकड. पुढची करडं त्याचीच.

यंदा पाच गेली.

"ह्यो डालगाच अवलक्षणी!" सासू सकुबाई कडाडली. "घाल चुलीत!"

गुरांच्या डॉक्टर संजीवनीताई अंगणातच होत्या. त्यांनी विचारलं, "याच्याखाली जगलं कोण?"

लहानी आठवत राहिली. "काबरीची, ताई. दर साली काबरीचीच."

"काहींच्या आतड्यात हगवणीचे जंतू तग धरत नाहीत. तो गुण आईबापाकडून येतो. काबरीचा बोकड पैदाशीला ठेवून बघ. पण जागा कोरडी हवीच हं."

काबरीचा यंदाचा बोकड माझ्याखालीच होता, आणि सुदामला कबूल केलेला. दुपारी त्याचा टेम्पो आला.

"वैनी, उचला डालगा. वाशिंदला गिऱ्हाईक खोळंबलंय."

लहानीने दगड बाजूला केला, आणि ती स्वतःच माझ्यावर बसली.

"अगो, मोडंल तो!" सकुबाई ओरडली. "लोकं हसतील!"

"हसू देत. पाच पुरली मी, आत्ये. तवा कोन हसलं?"

लहानी मग सुदामकडे वळली.

"काळीचा मोठा बोकड ने, भाऊ," लहानी म्हणाली. "ह्यो नाय जायचा."

सुदामने डोकं खाजवलं. "वैनी काय आज उठत नाय," म्हणत त्याने काळीचा बोकड दाव्याचा सोडून टेम्पोत चढवला.

माझ्या दोन कामट्या मोडल्या. आत बोकड सुटकेसाठी धडका देत होता; त्याला काय ठाऊक? जन्मभर कोंडण्याची लाज बाळगणारा मी, त्या दुपारी मात्र घट्ट रुतून बसलो.

मित्रांनो, तुमच्या गोठ्यात दुखण्याला जे पुरून उरतं, ते आधी विकू नका. त्याची आई कोण, बाप कोण, लक्षात ठेवा. जमीन कोरडी ठेवा. आणि मुक्या जिवाला कोंडावंच लागलं, तर त्याच्या भल्यासाठीच कोंडा.