बगरा

"बगरा मरीज, हारून भाई! बहोत मरीज! सालेम को बोलो, आज ही आना!"

टँकरच्या खिडकीला लटकून म्हातारा बू नायफ ओरडत होता. हारूननं इंजिनही बंद केलं नाही. "बोलता, चाचा, बोलता. फिकीर नको," म्हणत त्यानं गिअर टाकला.

१९५७चा वसंत. कुवेत शहरातून जहराकडे जाणारा डांबरी रस्ता अजून नवाकोरा होता. उजवीकडे खाडी, समोर मुतलाची बुटकी टेकडी, आणि पाऊस बरा झालेल्या वर्षी डावीकडच्या वाळूवर अशी पिवळी फुलं, की दाभोळच्या हारूनलाही गाडी हळू घ्यावीशी वाटे. रस्त्याच्या कडेनं जनावरं पाळणाऱ्यांच्या लहान लहान वस्त्या होत्या. चार तंबू, दोन मातीच्या खोल्या, एक कुंपण. हारून त्यांना टँकरनं पाणी द्यायचा आणि एका वस्तीचा निरोप दुसरीला पोचवायचा.

बू नायफ तरुणपणी गलबतावर खलाशी होता. मुंबईच्या खेपांत शिकलेलं हिंदुस्तानी त्यानं जपून ठेवलं होतं आणि हारून दिसला की हौसेनं बाहेर काढायचा. फक्त 'प' काही त्याच्या जिभेवर बसत नसे. पाण्याला म्हणे 'बानी'. अशा माणसाच्या तोंडून 'बगरा' ऐकल्यावर हारूननं मनातल्या मनात दुरुस्ती केली: बकरा. दुसरं काय असणार? चाळीस शेळ्या होत्या की म्हाताऱ्याकडे! वर्षभर त्यांचंच ताक हारून पीत आला होता. इथल्या शेळ्यांच्या ताकाला जरासुद्धा वास नाही, असं कौतुक गावी बायकोला, शहरबानूला, पत्रातून कळवूनही झालं होतं.

सालेम हा बू नायफचा मेहुणा. पंधरा मैलांवर, मुतलाच्या पायथ्याशी राहायचा. जनावर अडलं, फुगलं, की साऱ्या रस्त्यावर त्याच्याच हाताला गुण. आणि हारूनला आपल्या अरबीचा भलता अभिमान. ऐकलेला शब्द तसाच पुढे ढकलील तर तो हारून कसला! त्यानं चोख अरबीत सांगितलं, "बू नायफची शेळी फार आजारी आहे. आजच बोलावलंय."

"एका शेळीसाठी?" सालेम पोट धरून हसला. "म्हणावं, मरायच्या आत काप तिला. शुक्रवारी जेवायला येतो."

हारूनही हसला. हसला मेला!

शनिवारी तो पाणी घेऊन बू नायफकडे पोचला, तर कुंपणाच्या भिंतीवर कातडं वाळत होतं. तांबडं, पांढऱ्या ठिपक्यांचं, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढी मोठी शेळी अल्लानं अजून घडवलेली नव्हती.

"मेरा बगरा!" म्हातारा म्हणाला आणि त्यानं चक्क हंबरून दाखवलं. जहराहून आणलेली दुभती गाय होती ती. आतल्या आवारात बांधायचे, तिथं बायकांचा वावर, म्हणून हारून कधी डोकावला नव्हता. वासरू आडवं आलं. दोन दिवस तळमळून गेली. "और सालेम? कल आया. हाथ में खजूर. हसता, बोलता, गोश्त किधर है? मेरा बगरा मर गया, और वो गोश्त बूछता! मैंने बोला, जाओ. ये दरवाजा बंद."

हारूनला आठवली ती कुराणातली सूरह बकरा! लहानपणी मशिदीत छड्या खाऊन पाठ केलेली. ती गाईच्या नावाची आहे, आणि त्याच शब्दाला इथल्या बोलीत 'बगरा' म्हणतात, हे त्याला आज, चाळिसाव्या वर्षी, एका कातड्यासमोर कळत होतं.

सांगायला त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात दाराच्या फटीतून नेहमीसारखा वाडगा बाहेर आला. बू नायफच्या बायकोचा, म्हणजे सालेमच्या बहिणीचा, तेवढा हातच त्याला दिसायचा. ताक या वेळी शेळीचं होतं. वास येत होता. हारूननं ते गिळलं आणि बोलणंही गिळलं.

"सांगून टाक ना!" शहरातल्या मिरकाब मोहल्ल्यातल्या खोलीत त्याचा सोबती यूनुस चिडला. "तुझ्या एका शब्दापायी दोन घरां तुटली."

"सांगीन रे. आता राग गरम हाय त्यांचा. जरा निवू दे."

"निवला की घट्ट होतो राग. मग बस खरवडत!"

पुढच्या खेपेला सांगू, असं हारून दर खेपेला म्हणाला. दाराआडून बू नायफची बायको हळूच विचारी, "माझा भाऊ?" "बरा आहे. मुलीचं लग्न झालं." तिकडे सालेम विचारी, "बहीण?" "बरी आहे." हारूनसारखा भला माणूस नाही, असं दोघंही म्हणत. ते ऐकलं की हारूनला मेल्याहून मेल्यासारखं होई. तरी तो गप्प राहिला. लाजेनं राहिला, दुसरं कारण नव्हतं.

सहा-सात वर्षांत वस्त्याच उठल्या. माणसं जनावरं विकून शहरात नोकरीला लागली. रस्ता रुंद झाला, आणि त्यावर थांबावं असं कुणी उरलं नाही.

१९६५मध्ये शहराच्या दक्षिणेला, शुऐबाच्या एका कारखान्याच्या फाटकात टँकर थांबला, तर खाकी कोटातला पहारेकरी खिडकीशी आला. "हारून भाई!" बू नायफच होता तो. फाटकालगतच्या खोलीत नवरा-बायको राहत होती.

"आणि सालेम?" हारूननं विचारलं.

"रमजान से बहले गया." म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला. "मैं नहीं गया मय्यत में. घरवाली को भी जाने नहीं दिया."

हारून खाली उतरला आणि उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं. बानी, बगरा, बकरा, शेळी, शुक्रवारचं जेवण. म्हातारा ऐकत राहिला. मग लहान मुलासारखं त्यानं दोन्ही शब्द जिभेवर घोळवून पाहिले. "बगरा. बकरा." तो हसणार असं वाटलं, पण तो स्टुलावर खाली बसला.

दाराकडे तोंड करून तो अरबीत म्हणाला, "ऐकलंस? तुझा भाऊ जेवायला आला होता."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

हारूनला वाटलं, आता शिव्या येतील. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. दाराची फट किलकिली झाली आणि तो ओळखीचा हात वाडगा घेऊन बाहेर आला. हारूननं वाडगा दोन्ही हातांनी घेतला, पण ओठांशी नेववेना.

"बियो, हारून भाई," बू नायफ म्हणाला. "बानी है."